बाहेरचं माप, आतलं माप

सोमवार. उद्यमनगरला सुट्टी.
शटर अर्धं वर करून मी लेथजवळ बसलोय,
घरात बसवत नाही.
आई दर पाच मिनिटांनी विचारते, "उडालं काय?"

उडालं नाही.
पद्मल तिकडं एका बेटावर अडकलीय,
दुसऱ्या बेटावर नेणारं विमान
सकाळी सातचं होतं, मग दहाचं झालं,
मग फळ्यावरचा आकडाच कुणीतरी पुसून टाकला.
फळा, म्हणाली ती. खडूचा.
मला बरं वाटलं.
खडूवर चालतंय म्हणजे आपल्यातलंच आहे.

नऊ वर्षं ती तिकडच्या दवाखान्यात नर्स आहे.
बदली मागत नाही. का, ते मी विचारत नाही.
दोन वर्षांतून एकदा येते,
आईची शुगर तपासते, माझ्या तंबाखूवर ओरडते,
जाताना पिशवीत कांदा-लसूण चटणी कोंबते
आणि पुन्हा नकाशावरच्या
त्या माशी बसल्यासारख्या ठिपक्यावर जाते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.
"धावपट्टी. तिच्यावर एक कुत्रं झोपलंय.
पलीकडं समुद्र."
"आणि अलीकडं?"
"अलीकडं पण समुद्रच की रे दादा."

मग दोघंही गप्प.
फोनमधून वारा येत होता, फुकट.

पुराच्या वर्षी आम्ही शुक्रवार पेठेत माळ्यावर दोन रात्री काढल्या,
समोर माळ्यावर कुंभोजकरांचं बिऱ्हाड.
मधल्या बोळातून तांबडं पाणी चाललेलं,
वरून दोरीला बांधलेली पत्र्याची बादली
इकडून तिकडं, तिकडून इकडं:
काडेपेटी, भाकरी, बाळाचं औषध,
एकदा तर नुसतीच चिठ्ठी, "झोपला काय?"
पद्मल तेव्हा सात वर्षांची.
बादली सोडायचं काम तिचं होतं.
एकदाही उशीर झाला नाही.

"कसला तरी पार्ट गेलाय म्हणे," ती म्हणाली,
"मद्रासहून यायचाय."
"कुठला पार्ट? बुश काय?"
"मला काय ठाऊक."
"विचार की पायलटला.
बाहेरचं माप, आतलं माप, लांबी.
तीन आकडे दे, बाकी मी बघतो."

ती हसली. इतकी, की शेजारच्यानं विचारलं काय झालं.
शेजारी एक म्हातारबाबा,
मांडीवर डब्यात लावलेलं नारळाचं रोप.
तिनं त्याला हिंदीत सांगितलं,
माझा भाऊ कोल्हापुरात आहे, विमानाचा पार्ट करून देतो म्हणतोय.
म्हातारा हसला नाही.
"कितने दिन में?" एवढंच विचारलं.

"मंगळवारी देतो म्हणावं," मी बोललो,
पण रेंज गेली होती.

सव्वीस वर्षांत मापाशिवाय
मी मशीनला हात लावलेला नाही.
एक सूत इकडं-तिकडं झालं तर
गिऱ्हाईक माल तोंडावर फेकतं.
आज गनमेटलचा एक तुकडा चकात धरला,
स्विच दाबला
आणि नुसत्या अंदाजानं कापत गेलो.
पिवळा कीस पायावर पडत राहिला.
किती काढायचं आणि किती ठेवायचं,
सांगणारं कुणी नव्हतं.

चारच्या सुमाराला शटरखालून वाकून आई आत आली,
गुडघ्यावर हात ठेवून, हातात डबा.
"काय करालायस सुट्टीच्या दिशी?"
"पद्मलच्या विमानाचं काम आलंय."

मला वाटलं, हसंल. नाहीतर शिवी देईल.
तिनं स्टूल ओढलं, बसली,
पदरानं तोंड पुसलं.
"नीट कर," म्हणाली.
"घाई करू नकोस. समुद्रावरनं यायचंय तिला."

मी मायक्रोमीटर काढला.

रात्री मेसेज आला:
उद्या सात. फळ्यावर लिहिलंय.
आणि खाली, जरा वेळानं,
म्हातारबाबा विचारतोय, झालं काय.